नवा कर्नल आला आणि मेलेली चार इथरनेट कार्डं आपोआप चालू झाली. माझं पॅकेज बरोबर म्हणू की चूक?

मिरजवाला
डिसेंबर २०२३

आधी ओळख. मी स्ट्रक्चरल इंजिनियर, मूळचा मिरजेचा, सध्या जर्मनीत हाइलब्रॉनला. नऊ माणसांचं ऑफिस. ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना’ या एका वाक्यावर दोन वर्षं नऊही लॅपटॉप माझ्या गळ्यात आहेत. सगळे फ्रेमवर्क १३, सगळ्यांवर डेबियन १२, म्हणजे एक लिनक्स; त्याचा गाभा तो कर्नल. ज्यांनी हा लॅपटॉप पाहिला नाही त्यांच्यासाठी: याच्या दोन्ही बाजूंना मिळून चार खाचा असतात, त्यांत काडेपेटीपेक्षा लहान एक्सपान्शन कार्डं सरकवायची. एचडीएमआय, यूएसबी-ए, मायक्रोएसडी, ज्याला जे लागेल ते. आतून बघाल तर प्रत्येक कार्ड म्हणजे यूएसबी-सीचं टोक असलेलं छोटं उपकरणच. आमच्याकडे प्रत्येकाला एक इथरनेट कार्ड दिलंय, अडीच गिगाबिटचं, आत आरटीएल८१५६ चिप. मोठी मॉडेलं नासवर, म्हणजे ऑफिसच्या सामायिक साठवणीवर असतात, वायफायवरून उघडायला लागलो तर दिवस तिथंच मावळेल.

जूनमध्ये डेबियन १२ टाकलं तेव्हा ही कार्डं चालायची, पण लहरीनं. कधी सीडीसी_एनसीएम हा सर्वसाधारण ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) कार्ड पकडायचा, कधी आर८१५२ हा या चिपचा खास. एनसीएमनं पकडलं की इथटूल (नेटवर्क कार्डाची स्थिती सांगणारी कमांड) हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच दिशेनं वाहतूक दाखवायचं, सेटिंग बदलू द्यायचं नाही आणि फाइल येईपर्यंत माझा चहा होऊन जायचा. मग मी चिपच्या ड्रायव्हरचा टारबॉल (सोर्सचं गाठोडं) उतरवला, माझ्या मशीनवर मेक, मेक इन्स्टॉल केलं, म्हणजे तो बांधून बसवला, सोबत यूडेव्हचा (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणारी यंत्रणा) एक नियम होता तोही बसवला. पळायला लागलं की राव!

आता हेच नऊ वेळा हातानं कोण करणार? म्हणून डेब, म्हणजे डेबियनवर बसवायचं पॅकेज बांधलं. नाव ‘ऑफिस-इथरनेट’, आवृत्ती १.०. सोर्स यूएसआर-एसआरसीमध्ये टाकला आणि पोस्टइन्स्टमध्ये (पॅकेज बसलं की आपोआप चालणारी स्क्रिप्ट) त्याच दोन ओळी: ड्रायव्हर बसव, नियम बसव. रेप्रेप्रो या साधनानं ऑफिसपुरती रेपो, म्हणजे पॅकेजांचं कोठार उभं केलं. लई भारी वाटलं.

पाच लॅपटॉपवर झकास. उरलेल्या चारांवर रीबूट केलं आणि इथरनेट गेलं. हळू वगैरे नाही, गेलंच. एलएसयूएसबीत (यूएसबी उपकरणांची यादी) कार्ड दिसतं, पण नेटवर्कचा इंटरफेस उगवत नाही. ते चौघं तेव्हापासून वायफायवर आहेत आणि मी कॉफी मशीनपाशी दिसलो की एकमेकांकडे बघतात.

दरम्यान कुणीतरी सांगितलं की कर्नल बदलला की मॉड्यूल (कर्नलात भरायचा ड्रायव्हर) पुन्हा बांधावं लागतं. म्हणून १.१ मध्ये ईटीसी-कर्नल-पोस्टइन्स्ट.डी मध्ये एक स्क्रिप्ट टाकली, तिला हुक म्हणतात: नवा कर्नल आला की मेक चालव. आता या महिन्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. ६.१.०-१४ या कर्नलात एक्स्ट४ (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) वरची फाइल खराब करणारी भानगड निघाली, डेबियननं १२.३ थांबवलं, १० तारखेला थेट १२.४ काढलं. मी सगळ्यांना ६.१.०-१३ वरून ६.१.०-१५ वर (पुढं नुसतं १३, १५) नेलं आणि आठवडा व्हायच्या आत १६ आला.

दोन्ही वेळा माझी स्क्रिप्ट चालली. लॉगमध्ये बिल्ड व्यवस्थित. पण नव्या कर्नलात बघतो तर माझा ड्रायव्हर नाहीच! मॉड्यूलची माहिती देणाऱ्या मॉडइन्फोला आर८१५२ विचारलं तर आवृत्ती १ ने सुरू होते, माझ्या टारबॉलची २ ने होते. आणि खरी गंमत पुढं. मेलेली चार कार्डं १५ वर गेल्याबरोबर जिवंत झाली. शपथेवर सांगतो, मी बोटही लावलं नव्हतं.

तर प्रश्न असा की प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर नीट बांधला जावा म्हणून पॅकेज कसं करायचं? डीकेएमएस, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारं साधन, शिकू का? आणि त्या चार भुतांचा उलगडा कुणी करेल का?

---

कर्नलकोकणी

डीकेएमएस. दुसरं काही नाही. एक कॉन्फ फाइल लिही, त्यात ऑटोइन्स्टॉल यस कर, डेबियनमध्ये डीएच-डीकेएमएस आहे, पोस्टइन्स्ट ते स्वतःच लिहून देतं. अर्ध्या तासाचं काम. भुतांचं माहीत नाही, भुतं चालू आहेत तोवर हात लावू नये.

---

उमा_ठाणे

थांब मिरजवाल्या, डीकेएमएसकडे जाऊ नकोस अजून. आधी तीन गोष्टी सांग.

एक, ते चार आणि बाकीचे पाच यांत सिक्युअर बूटचा (सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय) फरक आहे का? दोन, तुझ्या त्या कर्नल-हुकच्या स्क्रिप्टमध्ये कर्नलची आवृत्ती कुठून घेतली आहेस? तीन, त्या चारांपैकी एक लॅपटॉप ग्रबमधून (सुरुवातीला कर्नल निवडायची यादी) मुद्दाम जुन्या १५ वर बूट कर आणि इथरनेट दिसतं का बघ. माझा अंदाज आहे की दिसणार नाही. आज १६ वर चालतंय ना? १५ वरही चालत होतं ना? तरी दिसणार नाही.

---

मिरजवाला

ताई, तुम्ही ज्योतिष बघता का?

सिक्युअर बूट त्या चारांवर चालू आहे. ते नंतर घेतलेले, बॉक्समधून आले तसेच ठेवले. माझ्यासकट पाच जुन्यांवर मीच बंद केलं होतं, का ते आता आठवत नाही.

स्क्रिप्टमध्ये यूनेम -आर ही कमांड.

आणि १५ वर बूट केलं. कार्ड मेलं. गेल्या आठवड्यात याच १५ वर हेच कार्ड दिवसभर चाललं होतं! डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) ओळ आहे: ‘लॉकडाउन: मॉडप्रोब: अनसाइन्ड मॉड्यूल लोडिंग इज रिस्ट्रिक्टेड’.

---

उमा_ठाणे

ज्योतिष नाही रे, पॅकेजं सांभाळून सांभाळून केस पांढरे झालेत. आता नीट ऐक, कारण यात तुझ्या दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलंय आणि तू त्यातली एक दुरुस्त करायला निघाला आहेस.

पहिली चूक १.० मधली. टारबॉलमधलं मेक इन्स्टॉल हातानं बसवणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं असतं. ते सरळ कर्नलच्या मॉड्यूल फोल्डरमध्ये, ड्रायव्हर्स-नेट-यूएसबीत जातं आणि तिथं असलेल्या आर८१५२ वर आपलं बांधलेलं ठेवून देतं. ती फाइल कर्नल इमेजच्या पॅकेजची आहे. तू ती फाइल रीतसर आपल्या डेबमध्ये घातली असतीस तर डीपीकेजीनं (पॅकेज बसवणारं डेबियनचं साधन) तिथंच हात धरला असता, ही फाइल दुसऱ्या पॅकेजची आहे म्हणून. पण तू ते काम पोस्टइन्स्टमधल्या शेलला दिलंस. पोस्टइन्स्ट रूटच्या हक्कानं चालतं, त्याला कोण विचारणार? खात्री करायची तर १५ च्या कर्नल इमेज पॅकेजवर डीपीकेजीचं व्हेरिफाय चालव, बदललेली फाइल ते दाखवेल.

आता डेबियनच्या स्वतःच्या मॉड्यूलवर डेबियनची सही असते. तुझ्यावर कुणाचीच नाही. सिक्युअर बूट चालू असलं की कर्नल लॉकडाउनमध्ये जातो आणि बिनसहीचं मॉड्यूल आत घेत नाही. म्हणून पाचांवर झकास, चारांवर शुकशुकाट. आणि शुकशुकाटच का, निदान एनसीएमनं तरी का पकडलं नाही? कारण तुझा यूडेव्हचा नियम. ही चिप यूएसबीवर एकाहून जास्त रूपं घेऊन येते. पहिल्या कॉन्फिगरेशनमध्ये ती आपल्या खास भाषेत बोलते, ती आर८१५२ ला कळते. दुसऱ्यात सर्वसाधारण एनसीएमची भाषा. नियम एवढंच करतो की ०बीडीए:८१५६ दिसलं की पहिलं कॉन्फिगरेशन लाव. म्हणजे त्या चारांवर नियमानं एनसीएमचं दार लावलं आणि आर८१५२ च्या दारात तू बिनसहीचा पाहुणा उभा केलास.

दुसरी चूक १.१ मधली, आणि ही मी स्वतः केलेली आहे, तीही एकदा नव्हे. कर्नल-हुक चालतो तेव्हा नवा कर्नल नुसता डिस्कवर आलेला असतो. चालू असतो तो जुनाच. यूनेम जुन्याचं नाव सांगतं. नव्याची आवृत्ती हुकला पहिला अर्ग्युमेंट म्हणून मिळते, ती घ्यायची असते. त्यामुळे १५ आला तेव्हा तू १३ साठी पुन्हा बांधलंस, १६ आला तेव्हा १५ साठी. लॉगमध्ये बिल्ड यशस्वी, कारण खरंच यशस्वी होता. १५ वर दिवसभर चाललं ते १५ कोरा होता, त्यातला मूळ आर८१५२ शाबूत होता म्हणून. १६ बसवताना तुझ्या हुकनं मागं वळून १५ बिघडवला. आज १६ कोरा आहे. १७ येईल त्या दिवशी १६ जाईल.

आता सांग, नवा कर्नल कोरा असताना काय घडतंय? नऊच्या नऊ कार्डं चालताहेत. कुठल्या ड्रायव्हरवर? कर्नलातल्या. आवृत्ती १ ने सुरू होते असं तूच लिहिलंस. या चिपचा आधार कर्नलातल्या आर८१५२ मध्ये ५.१३ पासून आहे, २०२१ चा. डेबियन १२ मध्ये ६.१ आहे. जूनमध्ये तुझं कार्ड लहरी होतं ते ड्रायव्हर नव्हता म्हणून नाही. ड्रायव्हर दोन होते, आणि कोण आधी झडप घालेल ते बूटागणिक ठरत होतं. तू मेक इन्स्टॉल आणि नियम एकाच दमात बसवलेस आणि श्रेय मेक इन्स्टॉलला दिलंस. काम नियमानं केलं होतं.

तुला ड्रायव्हरचं पॅकेज नकोच आहे. तुला एका फाइलचं पॅकेज हवं आहे.

---

कर्नलकोकणी

मी डीकेएमएस म्हटलं ते मागे घेत नाही, पण इथं नको हे मान्य. मात्र डीकेएमएसनं ही फाइल-पुसाफुशी झाली नसती एवढं नोंदवतो. ते अपडेट्स फोल्डरमध्ये ठेवतं, मॉड्यूलांची यादी करणारा डेपमॉड तिथलं आधी बघतो, मूळ फाइल जागच्या जागी राहते.

---

उमा_ठाणे

बरोबर. आणि सहीचीही सोय आहे, डीकेएमएस स्वतःची किल्ली बनवून सही करतं. पण ती किल्ली प्रत्येक लॅपटॉपला ओळखीची करून द्यायची म्हणजे मॉकयूटिल या कमांडनं नोंद, पासवर्ड, रीबूट, तो निळा पडदा, आणि तो पडदा बघून घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबणारा माणूस. चार लॅपटॉप असले तरी चार वेळा शेजारी उभं राहावं लागतं. शिवाय प्रत्येक मशीनवर कर्नलचे हेडर्स, जीसीसी हा कंपायलर, सगळा बारदाना. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या लॅपटॉपवर कंपायलर कशाला?

आणि हे सगळं करून पुढं काय, तर कर्नल पुढं सरकेल तसा अधूनमधून बिल्ड फुटणार. कर्नलच्या आतली एपीआय (ड्रायव्हरनं कर्नलशी बोलायची रीत) स्थिर ठेवायची नाही हे त्यांचं ठरलेलं धोरण आहे. ५.१७ मध्ये पीडीई_डेटा हे नाव मोठ्या लिपीतून छोट्या लिपीत गेलं, एवढ्यावर कितीतरी बाहेरचे ड्रायव्हर अडले. ६.४ मध्ये क्लास_क्रिएटचा एक अर्ग्युमेंट गेला, पुन्हा तेच. ब्रॉडकॉम-एसटीएचं डेबियन पॅकेज उघडून पॅचेसचं फोल्डर बघ एकदा. मूळ सोर्स २०१५ चा, आणि त्यानंतरच्या कर्नलांसाठी एकावर एक ठिगळं. तिथं इलाज नाही, त्या वायफाय चिपांना दुसरं धड काही नाही म्हणून लोक ते ओढताहेत. तुझ्याकडे आहे की इलाज.

---

टोपीवाला

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाल्याची भर. आमच्याकडे कर्नलबाहेरच्या मॉड्यूलचं पॅकेज मुख्य रेपोत घेतच नाहीत. आधी मूळ कर्नलात घाला, मग या. हवंच तर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रेपोत एकेमॉड, डीकेएमएससारखंच. पूर्वी मला हा हट्ट वाटायचा.

या लॅपटॉपच्या बाकीच्या कार्डांनाही ड्रायव्हर शोधत बसू नका. यूएसबी-ए, मायक्रोएसडी, स्टोरेज ही तर उघड गोष्ट. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच्या कार्डांत फर्मवेअर असतं, ते एफडब्ल्यूअपडी या फर्मवेअर अपडेट करणाऱ्या साधनातून येतं. तेही पॅकेजमध्ये कोंबू नका.

---

मिरजवाला

दोन दिवस डोक्याला हात लावून बसलो होतो, म्हणून उत्तर उशिरा.

ताई, मी यूनेमच्या जागी बरोबर आवृत्ती घालून १.२ तयार ठेवलं होतं. शुक्रवारी ढकलणार होतो. म्हणजे पुढचा कर्नल येताच त्या चौघांचं इथरनेट पुन्हा गेलं असतं आणि या खेपेला कोरा कर्नलही उरला नसता. तुमचं उत्तर गुरुवारी रात्री वाचलं.

आता निस्तरायचं कसं? ऑफिस-इथरनेट पर्ज करून, म्हणजे सेटिंगसकट काढून टाकलं तर डीपीकेजी सोर्स आणि हुक काढेल. पण पोस्टइन्स्टनं ईटीसीत (सेटिंगच्या फाइलींचं फोल्डर) टाकलेला नियम आणि बिघडवलेले कर्नल तसेच राहणार ना? त्याच्या यादीत ते नाहीतच.

---

उमा_ठाणे

हो, पोस्टइन्स्टनं शेलमधून केलेलं डीपीकेजीला दिसत नाही, म्हणून ते आवरतही नाही. काढून टाकू नकोस. त्याच नावानं २.० काढ, म्हणजे अपग्रेडमधून सगळीकडे आपोआप पोचेल.

२.० मध्ये आर्किटेक्चर ‘ऑल’. सोर्स नाही, मेक नाही, हेडर्सवरचं अवलंबन नाही. डेबियन फोल्डरमध्ये पॅकेजच्या नावाची यूडेव्ह फाइल ठेव, त्यात तो एक नियम. डीएच_इन्स्टॉलयूडेव्ह ती उचलून पुढं ६० लावून सिस्टीमच्या नियमांच्या फोल्डरमध्ये ठेवतं. ईटीसीत ठेवू नकोस, ती जागा मशीन सांभाळणाऱ्याची. उद्या एखाद्यानं त्याच नावाची फाइल ईटीसीत ठेवली की तुझी झाकली जाते, हीच तर सोय आहे. नियमात तेवढं बघ की कॉन्फिगरेशन आधीच पहिलं असेल तर पुन्हा लिहायचं नाही.

जुना ईटीसीतला नियम पोस्टइन्स्टमध्ये पुसून टाक, पण २.० पेक्षा जुन्यावरून अपग्रेड होत असेल तरच. आणि पुसण्याआधी फाइलचा चेकसम (मजकुराचा ठसा) जुळतो का बघ. कुणी त्यात हातानं बदल केला असेल तर तो तुझा नाही. हुक तू डेबमधून दिला होतास ना? मग ती कॉन्फफाइल, म्हणजे डीपीकेजी जपून ठेवतं अशी सेटिंगची फाइल आहे, तिला मेंटस्क्रिप्टमधलं आरएम_कॉन्फफाइल लाव. नुसतं नव्या डेबमधून वगळलंस तर ईटीसीत पडून राहील आणि पुढच्या कर्नलला मेक शोधत बोंबलेल.

बिघडलेले कर्नल पोस्टइन्स्टमधून दुरुस्त करायला जाऊ नकोस, एपीटी (पॅकेज आणून बसवणारी कमांड) चालू असताना आतून एपीटी चालवता येत नाही. प्रत्येक मशीनवर १५ ची कर्नल इमेज एकदा रीइन्स्टॉल कर, १३ काढूनच टाक. नऊ मशीनं आहेत, एसएसएचनं दुरूनच दहा मिनिटं.

आणि २.० ला मुदत लिहून ठेव. ६.३ पासून कर्नलातला आर८१५२ स्वतःच उपकरणाच्या पातळीवर आधी पुढं होऊन कॉन्फिगरेशन निवडतो, नियमाची गरज राहत नाही. पुढचं डेबियन येईल तेव्हा एका लॅपटॉपवर नियम काढून बघ. चाललं तर पॅकेजच काढ. चेंजलॉगमध्ये आत्ताच लिही, तेव्हा आठवणार नाही.

---

मिरजवाला

झालं. २.० सोमवारी सकाळी ढकललं. डेब फाइल एवढीशी झाली की रेपोत काहीतरी चुकलं म्हणून मी दोनदा उघडून बघितली. आत नियमाच्या दोन ओळी, आणि चेंजलॉग त्याच्या कितीतरी पट मोठा.

नऊही कार्डं कर्नलातल्या आर८१५२ वर. इथटूल फुल डुप्लेक्स, २५०० दाखवतंय. सिक्युअर बूट त्या पाचांवरही चालू केलं, ते बंद का केलं होतं ते शेवटपर्यंत आठवलं नाही. १५ रीइन्स्टॉल करून तिथंही बूट करून बघितलं, चालतंय. एका लॅपटॉपवर हुकची फाइल डीपीकेजी-बाक नावानं राहिली, कारण मीच कधीतरी तिथं जाऊन एक इको घातला होता. स्वतःच स्वतःचा ‘हातानं बदल करणारा’ निघालो.

कर्नलकोकणी, टोपीवाला, दोघांचे आभार. उमाताई, मिरजेला आलो की ठाण्याला चक्कर मारतो, बसप्पाचा पेढा चालेल का ते कळवा.

एक उपप्रश्न आहे, पण तो पॅकेजचा नाही. आमच्या राउटरवर डीएचसीपीची राखीव यादी आहे, म्हणजे कुठल्या मॅक पत्त्याला नेटवर्कवरचा कुठला पत्ता द्यायचा ते, आणि मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) कार्डात असतो, लॅपटॉपात नाही. सोमवारी सगळ्यांनी कार्डं काढून टेबलावर ठेवली, आणि परत घेताना कुणी कुणाचं घेतलं देव जाणे. आता प्रिंटरला मी म्हणजे आमच्या अकाउंटंट बाई आहेत.

---

कर्नलकोकणी

कार्डांवर स्टिकर लाव.

---

मिरजवाला

आठांवर लावले. नववं सापडत नाहीये.